पाण्याचा महिना

२१ जुलै २०२४, रविवार. ठाणे

समुद्री माशांसाठी काचेची टाकी आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९१ लिटर. वरची चार बोटं मोकळी सोडून, दगड-वाळूची जागा वजा करून पाणी १५० लिटर धरायचं. पाणी, दगड, काच आणि लोखंडी स्टँड मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास भार होतो. म्हणून ती हॉलच्या आतल्या भिंतीला, तुळईच्या रेषेत लावली. तिथं खिडकीचं ऊनही पोचत नाही.

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. बाबा आम्हा दोघा भावंडांना मे महिन्याच्या सुट्टीत तिथं न्यायचे. बाहेर रणरणतं ऊन, आत शिरलं की थंडगार अंधार आणि काचेपलीकडे उजळलेलं पाणी. मी नाक काचेला लावून उभी राहायची, बाबांना दोनदोनदा हाक मारावी लागायची. ते मत्स्यालय सध्या बंद आहे. लेकीला दाखवायचं राहूनच गेलं.

दुसरीही एक गोष्ट राहिली आहे, ती इथं लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला गोल काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणले होते. दुकानात सांगितलं, "ताई, रोज चिमूटभर दाणे टाका, बाकी काही करायला नको." चौथ्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दुसरा. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मी ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेव्हा बारा वर्षं काम करत होते, आणि त्या भांड्यातलं पाणी तपासावं हे मला सुचलं नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. ताज्या पाण्यात तो पचवणारं काही नसतं. ते दोघे स्वतःच्याच अमोनियात गेले.

या वेळी आधी पाणी. मासा नंतर.

४ ऑगस्ट, रविवार

घरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र उपयोगाचं नाही, हे मागच्या आठवड्यात कळलं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा ५८. प्यायच्या पाण्याला चव यावी म्हणून ते यंत्र गाळलेल्या पाण्यात क्षार परत मिसळतं. टाकीला शून्य हवं, नाहीतर नळातले फॉस्फेट-सिलिकेट आत जाऊन शेवाळं पोसतात. म्हणून टाकीसाठी वेगळं आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारी डीआयची नळी बसवली. त्यातून पाणी थेंबथेंब येतं. १५० लिटर भरायला तीन दिवस गेले.

मग मीठ. आई (सासूबाई) मालवणच्या. ड्रमात मोटर फिरत होती आणि मी मापानं मीठ सोडत होते, ते बघत उभ्या राहिल्या. "गावाक समुद्र दारात, आणि तू हंय मीठ कालवतंस?"

स्वयंपाकाचं मीठ का नको, असंही त्यांनी विचारलं. ते म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट आहे, आणि तेही ठरावीक प्रमाणात. ते प्रमाण साधलेलं मीठ वेगळं मिळतं. लिटरला ३५ ग्रॅमहून थोडं जास्त घ्यावं लागतं, कारण त्यात ओल असते. साधारण साडेपाच किलो गेलं.

सकाळपर्यंत पाणी नितळ झालं. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या तिरक्या काचेवर एक थेंब टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरून पाहिलं. वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ बरोबर ३५ वर. हे यंत्र साध्या पाण्यानं शून्यावर लावण्यापेक्षा ३५ च्याच प्रमाणित द्रावणानं लावावं. शून्यावर बरोबर आलेलं यंत्र ३५ पाशी चुकू शकतं, आणि आपल्याला गरज ३५ पाशी आहे.

८ ऑगस्ट

दगड आत गेले. सुके, पांढरेफटक, पंधरा किलो. त्यांच्या भोकाभोकांतच पुढचं सगळं काम चालणार आहे. अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंची बाटली ओतली, पण त्यांना खायला हवं. मासा नाही, तर अमोनिया कुठून येणार? पूर्वी लोक यासाठी एखादा काटक मासा सोडत. तो जगला तर जगला. मला ते करायचं नव्हतं.

शुद्ध अमोनियम क्लोराइडची लहान बाटली विकत आणली. हिशेब असा: १५० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. अमोनियम क्लोराइडच्या साडेत्रेपन्न भागांत अमोनिया सतरा भाग. तेव्हा ९४० मिलिग्रॅम. वजनकाट्यावर मोजून घेतलं, पेलाभर पाण्यात विरघळवलं आणि मोटरच्या तोंडाशी सोडलं. एक ग्रॅमही नाही. एवढ्याशा पुडीनं या टाकीत मासा जगणं अवघड होतं.

अमोनिया तपासायला कॉलेजात नेहमी नेसलरचं द्रावण वापरतो, पण खाऱ्या पाण्यात ते चालत नाही. मॅग्नेशियम आणि कॅल्शियममुळे साका बसतो आणि रंग कळेनासा होतो. शिवाय त्यात पारा. घरी सॅलिसिलेटची चाचणी घेतली आहे. पिवळा म्हणजे शून्य. आज गडद हिरवा.

१९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

संध्याकाळी आईंना घेऊन चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला खाडीवर गेलो. त्यांनी नारळ सोडला, हात जोडले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पावसाळाभर समुद्राला हात लावायचा नाही, त्याला त्याचा वेळ द्यायचा, आणि मग नारळ देऊन परवानगी मागायची. त्यांच्या माहेरी हे असंच होतं.

घरी आल्यावर पाणी तपासलं. अमोनियाचा हिरवा उतरून पोपटी झाला आहे. आणि नायट्राइटच्या नळीत, जिथं गेल्या आठवड्यापर्यंत रंगच नव्हता, थेंब पडताच गुलाबी फुटला आणि मिनिटभरात रक्तासारखा गडद झाला. ग्रीसची चाचणी मी मुलांना कितीदा तरी करून दाखवली आहे. आज ती बघताना अंगावर काटा आला. काचेत काहीही हलत नाही, पण कुणीतरी अमोनिया खातंय. नायट्रोसोमोनास आले. त्यांनी टाकलेलं नायट्राइट खाणारे अजून यायचेत. ते नेहमी मागून येतात, कारण त्यांचं अन्न आधी तयार व्हावं लागतं.

नायट्रेटचा आकडाही फार मोठा दिसला. तो खरा नाही. नायट्राइट एवढं असताना नायट्रेटची चाचणी फुगवून दाखवते. म्हणून तो वहीत लिहिला नाही.

आई झोपायला जाताना टाकीपाशी थांबल्या. "मासो खंय गो?"

"यायचाय, आई."

२८ ऑगस्ट

वाळूवर तपकिरी थर. काचेवर बोट फिरवलं तर कोको पावडरसारखं बोटाला लागतं. लेक रडवेली झाली, "आई, खराब झालं का गं सगळं?" झालं नाही. हे डायटम. नव्या टाकीत, नव्या दगड-वाळूतल्या सिलिकेटवर ते येतात आणि ते संपलं की जातात. औषध टाकायचं नाही. दिवे सहा तासांवर आणले. बस.

३ सप्टेंबर

काल रात्री दहाला पुन्हा ९४० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं. आज रात्री दहाला अमोनिया पिवळा, नायट्राइटच्या नळीला रंगच नाही. दोन्ही शून्य. चोवीस तासांत त्यांनी सगळं फस्त केलं. २६ दिवस लागले.

नळी उजेडासमोर धरून लेकीला दाखवली. मागे पांढरा कागद धरला, तरी रंग नाही. तिनं हातात घेऊन हलवून पाहिली.

नायट्रेट मात्र चढलं आहे. ते काढायला निम्मं पाणी बदललं.

८ सप्टेंबर. मालवण

काल गणपती बसले. दुपारच्या आरतीनंतर किनाऱ्यावर गेले. रिफ्रॅक्टोमीटर पिशवीत होताच. किनाऱ्याचं पाणी ३१. पावसाळाभर नद्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं, म्हणून. डब्यात भरून न्यावं असं मनात होतं, ते सोडून दिलं. आजचं ३१ ते उद्याचं नसेल, आणि त्यात काय काय वाहून आलंय ते आपल्याला दिसत नाही.

लाटेच्या रेषेवर पिवळसर फेस साचला होता, वाऱ्यानं थरथरत होता. माझ्या टाकीला लावलेल्या स्किमरमध्ये, म्हणजे फेस काढणाऱ्या यंत्रात, हेच होतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून फुटत नाहीत. पाण्यातले सेंद्रिय कण त्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर चढतात. यंत्राच्या पेल्यात ते चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी होऊन जमतं. समुद्र हे काम लाटांवर करतो.

संध्याकाळी आईंच्या भाच्यानं विचारलं, "वयनी, टाकयेत घालूक पोवळां हाडून देव काय?" तो अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या लहानपणी घराघरातल्या काचेच्या कपाटात प्रवाळाचे तुकडे असत. मी नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अभयारण्य नसतं तरी टणक प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या प्रवाळाला वाढायला वर्षानुवर्षं लागतात, तो माझ्या महिन्याभराच्या टाकीत पंधरा दिवसही तगणार नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पर्यटक तर पायानं तुडवतात. खरं आहे ते. मला उत्तर देता आलं नाही.

१३ सप्टेंबर. ठाणे

गौरी-गणपती पोचवून रात्री परत आलो. टाकीची क्षारता ३८.

चूक माझी. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ आतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. शेजारच्या काकूंना मी रोज दोन लिटर पाणी टाकायला सांगून गेले होते. पण ड्रमशेजारी दोन सारखे कॅन होते, एक गोड्या पाण्याचा आणि एक मीठ कालवलेल्या पाण्याचा. कुठल्यावरही चिठ्ठी नव्हती. काकूंनी इमानेइतबारे रोज दोन लिटर टाकलं, खारं. तेरा लिटर काढून तेवढंच गोडं पाणी घातलं, हळूहळू, दोन दिवसांत. मासा असता तर त्याच्या अंगावर बेतलं असतं.

दोन्ही कॅनवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. काकूंना चढ्या आवाजात काही सांगितलं नाही, फक्त खाजं आणि नारळाच्या वड्या दिल्या.

२२ सप्टेंबर, रविवार. कुर्ला

सकाळी लवकर कुर्ल्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, तीन फुटी ना? निळा टँग घ्या, मुलं डोरी डोरी करतात." तो मासा पूर्ण वाढला की फूटभराचा होतो. शिवाय हे बहुतेक समुद्रातून धरून आणलेले. कुठल्या कुठल्या देशांत मासे धरताना प्रवाळाच्या फटींत सायनाइड फवारतात. मासा झिंगतो, हाती लागतो, आणि प्रवाळ मरतो. कुठला मासा कसा धरला हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.

मला हॅचरीत जन्मलेले क्लाऊन हवे होते. तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजम इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. आठवडाभरात अंडी फुटतात, तीही रात्री. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांना पहिले दिवस रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव खाऊ घालावा लागतो. एवढं कष्टाचं काम कुणीतरी केलं आहे म्हणून मला समुद्रातला मासा घ्यायची गरज नाही. दुकानदाराला विचारलं, हॅचरीचे आहेत का. त्यानं वेगळी टाकी दाखवली, बिल कुठलं तेही दाखवलं.

"समोर खायला घाला," म्हटलं. दोघांनी दाणा पाण्यात पडायच्या आत उचलला. एक तीन सेंटिमीटरचा, दुसरा थोडा लहान. दोघेही आज नर आहेत. क्लाऊन सगळे नर म्हणूनच वाढतात. जो दांडगा ठरतो तो पुढे मादी होतो.

दुकानाच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व मोजलं, १.०२१. आपलं १.०२६, म्हणजेच क्षारता ३५. माशाला खाऱ्यातून कमी खाऱ्यात जाणं सोपं जातं, उलट जाणं जड जातं. म्हणून घरी ४० लिटरची वेगळी काचपेटी १.०२१ वरच तयार ठेवली होती. त्यात महिनाभर मोठ्या टाकीत मुरवलेला स्पंज आणि लपायला दोन पीव्हीसीचे तुकडे. चार आठवडे ते इथंच राहतील. अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला, तर ती अडीच महिने माशांविना रिकामी ठेवावी लागते. तांबं घालून उपचार करावेत तर गोगलगायी मरतात.

पिशवी तासभर तरंगत ठेवली. नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब सोडले. मग पिशवीतलं पाणी टाकून देऊन दोघांना पेटीत घेतलं.

आई खुर्ची ओढून समोर बसल्या. "इले एकदाचे."

१० ऑक्टोबर

परवा टाकीचं पाणी ३०.८ अंशांवर गेलं. पृष्ठभागावर वारा मारणारा लहान पंखा लावला, तर आज २८. बदल्यात अडीच लिटर पाणी रोज उडतं.

आज संध्याकाळी विजांसह पाऊस आला आणि सव्वासातला वीज गेली. मोटरी थांबल्यावर घर किती गप्प होतं ते पहिल्यांदा कळलं. सेलवर चालणारा हवेचा पंप पेटीला लावला. मोठ्या टाकीत मासे नाहीत, पण दगडांतले जीवाणू आहेत, आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. पंप एकच. मग लेक आणि मी आळीपाळीनं मग घेऊन उभ्या राहिलो. पाणी उचलायचं, वीतभर उंचावरून ओतायचं. मेणबत्तीच्या उजेडात फेस दिसायचा आणि विरायचा. तिचे बाबा ऑफिसातून आले, त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि काही न विचारता मग घेतला. दोन तास चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया शून्य.

२० ऑक्टोबर, रविवार

चार आठवडे झाले. एकही ठिपका नाही. क्षारता हळूहळू १.०२६ वर आणली होतीच. दुपारी दोघांना मोठ्या टाकीत सोडलं.

मोठा आधी दगडामागे गेला. धाकटा जाळीच्या तोंडाशी थांबला, मग त्याच्या मागे. दहा मिनिटांनी मोठा बाहेर आला आणि मोटरच्या प्रवाहात तोंड करून, जागेवरच, शेपटी हलवत राहिला. धाकटा त्याच्या जवळ गेला, अंग तिरकं केलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला. तू मोठा, मी मानलं, असं सांगायची त्यांची ही रीत आहे. मोठ्यानं त्याला जवळ राहू दिलं.

लेक काचेला नाक लावून उभी होती. मी तिला दोनदा हाक मारली.

३ नोव्हेंबर. भाऊबीज

दादा नाशिकहून आला. ओवाळून झाल्यावर टाकीसमोर बसला तो तासभर उठला नाही. म्हणाला, "मलाही अशीच लावून दे. आजच कुर्ल्याला जाऊ, मासे घेऊनच जातो."

मी त्याला रिफ्रॅक्टोमीटर दिला, अमोनियाची चाचणी दिली, उरलेलं अमोनियम क्लोराइड दिलं. किती टाकायचं ते त्याच्या टाकीच्या मापानं कागदावर काढून दिलं. मासे डिसेंबरात, दोन्ही नळ्या चोवीस तासांत शून्यावर आल्या की मला फोटो पाठव, मग आपण मिळून आणायला जाऊ. थोडा हिरमुसला. पण ऐकलं.

आजची नोंद. तापमान २६.५. क्षारता ३५. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८. मासे दोन, दोघेही खातात.